कॅडमधला फुकटचा काटकोन

पुण्याच्या पेठांत एखाद्या वाड्याचा पुनर्विकास निघाला की आर्किटेक्टच्या ऑफिसात पिवळा पडलेला नकाशा येतो. घड्यांवर फाटलेला, भिंतींची लांबी फूट-इंचांत लिहिलेली, कोन मात्र एकही नाही. ड्राफ्ट्समन तो कॅडमध्ये उतरवायला घेतो. रेषा आडव्या-उभ्याच ठेवणारा ऑर्थो मोड चालूच असतो, त्यामुळे रेषा आपसूक काटकोनात वळतात. शेवटची भिंत जुळली नाही, तर कुठेतरी दोन-चार इंच दाबून आकृती बंद केली जाते. प्रिंट अशी देखणी निघते की शंका घ्यायचं कुणाच्या मनातही येत नाही.

खरं तर गल्लीच्या वळणानं बांधलेली ही घरं गुण्यात, म्हणजे काटकोनात, असण्याची शक्यता कमीच.

समजा, लगतच्या दोन भिंती २० आणि १५ फुटांच्या आहेत. कोपरा काटकोनी असेल तर समोरासमोरचा कर्ण बरोबर २५ फूट भरेल. टेप लावल्यावर तो २४ फूट ४ इंच निघाला, तर कोन ८७ अंशांच्या जवळ येतो. तीन अंशांनी काय बिघडतं? १५ फुटी भिंतीचं टोक नऊ-दहा इंच सरकतं, म्हणजे जवळजवळ नऊ इंची भिंतीच्या जाडीएवढं. शेजाऱ्याच्या हद्दीपासूनचं सामासिक अंतर मोजताना एवढे इंच भांडणाला पुरेसे आहेत.

हा कोन काढायला त्रिकोणमितीचं पुस्तक उघडावं लागत नाही. एक भिंत काढायची, तिच्या एका टोकाला दुसऱ्या भिंतीच्या लांबीएवढ्या त्रिज्येचं वर्तुळ, दुसऱ्या टोकाला कर्णाएवढ्या त्रिज्येचं. वर्तुळं दोन जागी छेदतात. त्यातला योग्य बाजूचा बिंदू म्हणजे दुसऱ्या भिंतीचं पलीकडचं टोक. पण कर्ण हवाच. चार बाजूंची मापं तीच ठेवून चौकोन हवा तितका तिरका करता येतो.

ब्रिटिशकालीन मोजणीदारांना हे पक्कं ठाऊक होतं. मुंबई इलाख्यातली त्यांची साखळी ३३ फुटांची, १६ आण्यांची; म्हणजे एक आणा दोन फुटांहून थोडा जास्त. माप जाडंभरडं. तरी त्यांच्या टिपणात, म्हणजे मोजणीच्या नोंदीत, शेताच्या आतून आधाररेषा असते आणि तिच्यापासून बांधापर्यंतची लंब अंतरं असतात. अंशांत कोन लिहिलेला नसला तरी आकार पुन्हा उभा करता येतो. आजच्या घाईतल्या कच्च्या स्केचमध्ये नेमकी हीच सोय नसते.

नकाशा स्कॅन करून त्यावरून कोन गिरवणं हा दुसरा लाडका उपाय. कागद दमटपणानं ताणला जातो, आक्रसतो, तेही दोन्ही दिशांना सारखंच नाही. त्यामुळे लिहिलेलं माप आणि गिरवलेली रेषा यांत तंटा असेल तर लिहिलेलं माप धरावं.

कॅडच्या दशांश स्थळांनीही भुलू नये. वरच्या उदाहरणात ते ८६.८६ अंश दाखवेल. प्रत्यक्षात कर्ण मोजताना एक इंच चुकला तरी कोन सुमारे ०.४ अंशांनी बदलतो.

म्हणून पुनर्विकासाच्या प्रत्येक नकाशात कोपऱ्यागणिक लिहिलेलं असावं: हा कोन मोजलेला, हा कर्णावरून काढलेला, हा गृहीत धरलेला. महापालिकेनं मंजुरीच्या वेळी ही नोंद मागायला हरकत नाही. आणि कर्ण वाडा पाडण्याआधीच मोजून घ्यावेत. त्याला दोन माणसं आणि एक टेप लागते. लेझर मीटर असेल तर एक माणूसही पुरतो.