पदकाचे मोल

जो खेळ पोटासाठी खेळला जात नाही, त्यात लबाडी कोण कशाला करील, असे कोणालाही वाटेल. खेळ हाच ज्यांचा व्यवसाय असतो, ते व्यावसायिक खेळाडू. आणि आपापला कामधंदा सांभाळून केवळ आवडीने जे खेळतात, ते हौशी खेळाडू. युरोप आणि अमेरिकेत हौशी सायकलपटूंची संख्या फार मोठी आहे. कोणी शिक्षक असतो, कोणी दुकानदार, कोणी कचेरीतला कारकून. ही माणसे पहाटे उठून, कामावर जाण्यापूर्वी कित्येक मैल सायकल चालवितात आणि सुट्टीच्या दिवशी शर्यतीत उतरतात. शर्यत जिंकली, तर हाती येते ते बहुधा एक पदक आणि स्नेह्यांची शाबासकी. एवढ्यासाठी कोणी निषिद्ध औषधे टोचून घेत असेल, हे खरे वाटत नाही. पण दुर्दैवाने ते खरे आहे.

सन २०१२ च्या मे महिन्यात न्यूयॉर्क येथे हौशी सायकलपटूंची सुमारे शंभर मैलांची एक मोठी शर्यत झाली. शर्यतीनंतर काही स्पर्धकांची तपासणी करण्यात आली, तेव्हा त्यांपैकी दोघांच्या शरीरात ‘ईपीओ’ हे निषिद्ध द्रव्य आढळले. सन २०१५ मध्ये सायकल खेळाच्या जागतिक संघटनेने नेमलेल्या एका स्वतंत्र आयोगाने आपला अहवाल प्रसिद्ध केला. हौशी सायकलपटूंमध्ये ही कीड खोलवर पसरत चालली आहे, असे त्यात स्पष्टपणे म्हटले होते. ही औषधे पूर्वीपेक्षा स्वस्त झाली, सहज मिळू लागली, ती कशी घ्यावयाची याची माहिती सर्वत्र पसरली. आणि हौशी खेळाडूंची नियमित तपासणी करण्यास मात्र पुरेसा पैसा नाही, अशी कारणे आयोगाने दिली.

हे ईपीओ म्हणजे काही विष नव्हे. मनुष्याच्या मूत्रपिंडात ते स्वभावतःच तयार होते आणि रक्तातील तांबड्या पेशी वाढविण्याचे काम करते. या पेशी प्राणवायू वाहून नेतात. मूत्रपिंडाच्या विकाराने ज्यांचे रक्त कमी झाले आहे, अशा रुग्णांना कृत्रिम ईपीओ हे वरदानच ठरले आहे. परंतु निरोगी माणसाने ते घेतले, म्हणजे तांबड्या पेशी गरजेपेक्षा अधिक होतात. स्नायूंना जादा प्राणवायू मिळतो, चढावर पाय लवकर दमत नाहीत. पण त्याबरोबर रक्तही दाट होते. दाट रक्त पुढे ढकलताना हृदयावर ताण पडतो आणि रक्ताची गुठळी होऊन प्राणावर बेतण्याचा धोका वाढतो. रुग्णाला जे तारते, तेच निरोग्याला मारू शकते.

काही औषधे याहून निराळ्या रीतीने फसवितात. ती बळ वाढवीत नाहीत. थकव्याची जाणीव तेवढी बुजवून टाकतात. थकवा हा शरीराचा पहारेकरी होय. ‘आता थांब’ असे तो वेळीच सांगतो. त्याचे तोंड बंद केले तर काय होते, हे १३ जुलै १९६७ रोजी साऱ्या जगाने पाहिले. टॉम सिम्प्सन हा नामांकित इंग्रज व्यावसायिक सायकलपटू ‘टूर द फ्रान्स’ या शर्यतीत भर उन्हात एक उंच पर्वत चढत असता कोसळला. त्याला पुन्हा सायकलवर बसविण्यात आले. पण थोड्याच अंतरावर तो पुन्हा पडला आणि मरण पावला. असह्य उष्मा आणि श्रम यांच्या जोडीला उत्तेजक द्रव्यही त्याच्या शरीरात होते, असे तपासणीत आढळले. तेव्हा त्याचे वय अवघे २९ वर्षांचे होते.

अशी औषधे घेणारे आपल्या समर्थनार्थ पुष्कळ सबबी सांगतात. ‘शरीर माझे, पैसा माझा, मग इतरांचे काय गेले?’ ही पहिली सबब. एकट्यानेच सायकल चालवावयाची असती, तर हा प्रश्न काही अंशी तरी शोभला असता. परंतु शर्यतीत पहिल्याच्या मागे दुसरा असतो आणि तिसऱ्याच्या मागे चौथा. जो प्रामाणिकपणे चौथा आला, त्याचे पदक कोणीतरी चोरलेले असते. आणि आपली चोरी झाली, हे त्या बिचाऱ्याला बहुधा कधीच कळत नाही. ‘सगळेच घेतात’ ही दुसरी सबब. ती तर उघड खोटी आहे. कारण सगळेच घेत असते, तर घेणाऱ्याला त्याचा काहीच लाभ झाला नसता. प्रामाणिक माणसे शर्यतीत आहेत, म्हणूनच लबाडाचे फावते. ‘हे औषधच तर आहे’ ही तिसरी सबब. पण खेळाडू खरोखरच आजारी असेल, तर रीतसर अर्ज करून औषध घेण्याची परवानगी त्याला मिळविता येते. ज्याला औषध लपवावे लागते, त्याला आपले काम कोणते आहे हे पुरते ठाऊक असते.

तपासणी वाढविली पाहिजे, दोषी ठरलेल्यांना शर्यतींतून दूर ठेवले पाहिजे, यात शंका नाही. तरीही गावोगावच्या प्रत्येक शर्यतीत प्रत्येक स्पर्धकाचे रक्त तपासणे कोणालाही शक्य होणार नाही. जेथे तपासनीस नाही, तेथे खेळाडूची सचोटी हाच नियमांचा रखवालदार होय. हौशी खेळाडूवर तर ही जबाबदारी अधिकच आहे. व्यावसायिकाला पैशाचा मोह झाला, असे म्हणता येते, जरी त्यामुळे त्याचा अपराध कमी होत नाही. हौशी माणूस मात्र केवळ आनंदासाठी आणि आपले बळ अजमावण्यासाठी रस्त्यावर येतो. औषध घेतले, की नेमके तेच त्याच्या हातून निसटते. घाट चढून गेल्यावर, आपण चढलो की औषध चढले, हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. स्वतःच्या पायांनी दहावा आलेला खेळाडू आपले बळ किती, हे जाणून घरी जातो. आणि पुढच्या वर्षी नववा येण्याची उमेद त्याच्यापाशी शिल्लक असते.