हॅरॉल्डचें नाणें आणि जेत्याची वही

इंग्लंडच्या इतिहासांतील दुसरा हॅरॉल्ड हा राजांच्या मालिकेंत गणण्याजोगा नव्हे, असें आमच्या एका व्यासंगी स्नेह्यांनीं परवां ठासून सांगितलें. १०६६ च्या ६ जानेवारीस राज्याभिषेक, १४ ऑक्टोबरास हेस्टिंग्जच्या रणांगणावर मृत्यु. एवढ्या अवधींत त्याला राज्य करावयास सवड तरी कोठें मिळाली, हा त्यांचा सवाल. वरवर पाहतां तो बिनतोड वाटतो. परंतु तो मूळचा त्यांचा नाहीं. जेत्याच्या दप्तरांतून आलेला आहे.

नॉर्मंडीच्या विल्यमनें १०८६ मध्यें केलेल्या जमीनपाहणीची वही 'डूम्सडे बुक' या नांवानें प्रसिद्ध आहे. पूर्वीचा राजा एडवर्ड वारला त्या दिवशीं जमीन कोणाची होती आणि पाहणीच्या वेळीं कोणाची आहे, एवढेंच ती सांगते. मधले नऊ महिने गायब! हॅरॉल्डचा उल्लेख बहुतेक ठिकाणीं नुसता 'अर्ल' म्हणून. आपण एडवर्डचे थेट वारस, मधला तो केवळ तोतया, हें विल्यमला सिद्ध करावयाचें होतें.

आतां हॅरॉल्डची चांदीची पेनी पाहा. एका बाजूस मुकुटधारी राजाचें डावीकडे वळलेलें मुख, भोंवतीं नांव व पदवी. दुसऱ्या बाजूस मधोमध 'पाक्स', म्हणजे शांति, हा लॅटिन शब्द. ज्या वर्षीं उत्तरेस स्टॅम्फर्ड ब्रिज व दक्षिणेस हेस्टिंग्ज येथें रक्ताचे पाट वाहिले, त्या वर्षाच्या नाण्यावर शांति! नाणें हीसुद्धां राजाचीच जाहिरात, असें कोणी म्हणेल, तर तें आम्हांस मान्य आहे. पण त्या शब्दाभोंवतीं आणखी दोन नांवें आहेत: नाणें पाडणाऱ्याचें आणि त्याच्या गांवाचें. ती जाहिरात नव्हे, जबाबदारी आहे. राजा अ‍ॅथेलस्टनच्या काळापासून खोटें नाणें पाडणाऱ्याचा हात तोडण्याचा कायदा होता. अशीं नांवें चाळिसांहून अधिक गांवांतून आलेलीं आहेत. नवा राजा आला कीं नवे ठसे कोरावयाचे, ते गांवोगांव पोंचवावयाचे, खालच्या ठशावर चांदीची चकती ठेवून वर दुसरा ठसा धरावयाचा व हातोडा हाणावयाचा. हें सर्व नऊ महिन्यांत झालें. ही यंत्रणा हॅरॉल्डनें निर्माण केली नव्हती, हें खरें. पण ती त्याच्या नांवानें चालली. राजा मानणें म्हणजे आणखी काय असतें?

शिवाय हेस्टिंग्जनंतर विल्यमनें ती मोडली नाहीं. त्याच टांकसाळी, पुष्कळशीं तींच माणसें त्याच्यासाठीं राबूं लागलीं. २०१९ सालीं सॉमरसेट परगण्यांतील च्यू खोऱ्यांत अडीच हजारांहून अधिक नाण्यांचा ठेवा सांपडला. त्यांत दोघांचीं नाणीं शेजारींशेजारीं आहेत. इतकेंच नव्हे, तर एका बाजूस एका राजाचा व दुसऱ्या बाजूस दुसऱ्याचा ठसा असलेलीं थोडीं नाणींही त्यांत आहेत. नव्या ठशांसाठीं राजाला फी भरावी लागे. ती चुकवावयास कोणा बेरक्यानें जुनाच ठसा पुन्हां वापरला असावा, असें तज्ज्ञ मानतात.