पाटीवरची परदेशी अक्षरे

वाशिम जिल्ह्यातले अनेक हृदयरोगी अँजिओप्लास्टीसाठी अकोला किंवा नागपूर गाठतात. तिथे डॉक्टरांच्या पाटीवर परदेशी अक्षरे दिसली, की नातेवाईक निर्धास्त होतात. वास्तविक आपल्याकडे एमडीनंतर साधारणपणे तीन वर्षांचे प्रशिक्षण आणि परीक्षा झाल्यावरच हृदयरोगातील डीएम मिळते. एफएसीसी ही अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेची मानाची सभासदी आहे. ती डीएमची जागा घेत नाही.

मध्य प्रदेशातील दमोह येथे लंडनचा हृदयतज्ज्ञ म्हणवून उपचार केल्याच्या आरोपावरून 2025 साली एकाला अटक झाली. कागदपत्रे तपासणे हे आधी रुग्णालयाचे काम. पण जीव आपला असतो. आपल्याकडचा डीएम डॉक्टर अमेरिकेत गेला, तर त्यालाही तिथल्या परीक्षा आणि सहसा नव्याने रेसिडेन्सी चुकत नाही. त्यात कोणी अपमान मानत नाही. मग आपण विचारले तर बिघडले कुठे?

ठरवून करायच्या उपचाराआधी महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक व तिथे नोंदलेली पदवी जरूर विचारावी. छातीत कळ आली असेल, तर मात्र चौकशीत वेळ न दवडता जवळचे रुग्णालय गाठावे.