अजमेरचे इंजिन आणि रडारची चिप

अजमेरच्या रेल्वे कारखान्यात १८९५ साली एफ-७३४ हे वाफेचे इंजिन तयार झाले. भारतात बांधलेले पहिले इंजिन म्हणून ते ओळखले जाते. हात आपले होते, कसब आपले होते. तरी पुढची पन्नास वर्षे देशाची बहुतेक इंजिने विलायतेहूनच आली, कारण ऑर्डरी तिकडे जात होत्या. १९५० मध्ये चित्तरंजनचा कारखाना इंजिने बांधू लागला, तेव्हा कुठे चित्र पालटले. जयपूरच्या आम्हा रेल्वे कामगारांना हा इतिहास आज आठवतो, त्याला कारण आहे.

आधुनिक रडारच्या तोंडावर लहरी सोडणारे व टिपणारे शेकडो घटक बसतात. प्रत्येकात मायक्रोवेव्ह चिप लागतात. चिप महाग पडली की सारे रडारच आवाक्याबाहेर जाते. दिल्लीच्या सॉलिड स्टेट फिजिक्स लॅबोरेटरीने गॅलियम नायट्राइडच्या ४० वॅटपर्यंतच्या अशा चिप देशातच विकसित केल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. हैदराबादच्या गेटेक या सरकारी केंद्रात त्यांच्या मर्यादित उत्पादनाची सोयही झाली. तेथील शास्त्रज्ञांचे व कामगारांचे आम्ही मनापासून अभिनंदन करतो.

पण ‘मर्यादित’ या शब्दापाशी आम्ही अडतो. धूळविरहित दालने आणि यंत्रे राखण्याचा खर्च माल थोडा निघाला तरी फारसा घटत नाही. रोजच्या कामाने हात बसतो, हात बसला की बाद माल कमी होतो आणि मगच किंमत उतरते. अमेरिकेने १९८७ ते १९९५ या काळात सरकारी पैशातूनच या चिप स्वस्त करण्याची मोहीम चालवली. त्या तंत्राचा लाभ पुढे मोबाइल फोनलाही झाला.

स्वस्ताईची दुसरी वाट आमच्या चांगली ओळखीची आहे: कायम जागा रिकाम्या ठेवायच्या आणि कंत्राटी माणसे आणायची. या कामात ती वाट घातक ठरेल. शिकलेला हात कंत्राट संपताच निघून गेला, तर बाद मालाचा ढीग पुन्हा पहिल्यापासून!

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. संरक्षण खात्याने अनेक वर्षांच्या हमीच्या ऑर्डरी द्याव्यात, उत्पादन सार्वजनिक क्षेत्रात वाढवावे, कुशल कामगारांना कायम करावे आणि विषारी रसायने हाताळणाऱ्यांची नियमित आरोग्य तपासणी करावी. शाखांनी तसे ठराव करून पाठवावेत.

एफ-७३४ आज दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात उभे आहे. आपल्या चिपची जागा संग्रहालयात नव्हे, रडारमध्ये आहे.