‘ड्यू’ म्हणजे नक्की केव्हा?

मैत्रिणींनो, पुण्याच्या लेकीच्या कागदावर डॉक्टरांनी ‘ड्यू डेट’ २० तारीख लिहिली होती. आम्ही रत्नागिरीकर तारखेचे पक्के! मी १८चं तिकीट काढलं आणि निवांत डिंकाचे लाडू वळत बसले. ११ला पहाटे जावयांचा फोन. लाडू अर्धे परातीत, मी एस.टी.त, आणि नातू माझ्याआधी हजर!

चूक माझीच. विजेच्या बिलावरची ‘ड्यू डेट’ म्हणजे पैसे भरायची शेवटची तारीख. बाळंतपणात मात्र तोच शब्द नुसता अंदाज असतो, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजून काढलेला. नेमकी त्याच दिवशी बाळंत होणारी एखादीच. तेव्हा ३७ आठवडे भरायच्या आत पिशवी तयार हवी नि सोबतीचं माणूसही येऊन राहिलेलं हवं. आपल्या बायका ‘दिवस भरत आले’ म्हणतात तेच बरं, त्यात तारखेचं नावच नाही.

रेल्वेच्या ‘शेड्यूल्ड’ आणि ‘एक्स्पेक्टेड’चं सोपं आहे. पहिली वेळ वेळापत्रकातली, दुसरी गाडी आता येईलसं वाटतं ती. पाहुण्यांसाठी कुकर दुसरी बघून लावावा.

सगळ्यांत फसवा शब्द ‘लाइकली’. शाळेत आपण त्याचा अर्थ ‘बहुधा’ असा पाठ केला. हवामान खात्याच्या इंग्रजी पत्रकात मात्र त्याला माप आहे. ‘लाइकली’ म्हणजे २५ ते ५० टक्के शक्यता, ‘व्हेरी लाइकली’ ५० ते ७५, आणि ‘मोस्ट लाइकली’ ७५च्या वर. म्हणजे नुसतं ‘लाइकली’ असेल तर पाऊस न येण्याचाच संभव अधिक! मे महिन्यात मी अशा दिवशी फणसपोळीची ताटं खुशाल अंगणात मांडते, फक्त घर सोडून बाजारात जात नाही. ‘व्हेरी’ लागलं की ताटं पडवीत.

पण हा हिशेब फणसपोळीपुरता हं! पावसाळ्यात नदीकाठी राहणारीनं टक्के मोजत बसू नये. २२ जुलै २०२१ला चिपळुणात पाणी कसं चढलं ते आपण विसरलेलो नाही. इशाऱ्याचा रंग लाल दिसला की शब्द कुठला आहे ते न बघता कागदपत्रं, औषधं नि धान्य आधी माळ्यावर न्या, आणि म्हाताऱ्या माणसांना उंचावरच्या नातलगांकडे पोचवा.