सहकुटुंब सहल : गिरण्यांच्या मुंबईंत एक दिवस

मुंबईस पाहण्यासारखें काय आहे, असें आमच्या आगरांतल्या किंवा डहाणूच्या एखाद्या घरीं विचारलें, तर उत्तर ठरलेलें असतें. सिद्धिविनायक, महालक्ष्मी (आपली महालक्ष्मी विवळवेढ्यास घरापाशीं असतांनाहि!), राणीचा बाग, अपोलो बंदर, आणि वेळ उरल्यास चौपाटी. हीं स्थळें चांगलींच आहेत. त्यांविषयीं या सदरांत नव्यानें लिहिण्याजोगें फारसें उरलेलें नाहीं. परंतु ज्या धंद्यानें मुंबईस मुंबई केलें, त्याच्या खुणा पाहावयास कोणी सहकुटुंब गेल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. घरांतील वडील मंडळींस ही कल्पनाच विचित्र वाटते. धुराडीं आणि चाळी यांत पाहावयाचें तें काय?

मुंबईला एके काळीं पूर्वेचें मँचेस्टर म्हणत. त्या मूळ मँचेस्टरास ना समुद्रकिनारा, ना प्राचीन देवालय. तरी तेथें प्रवासी जातात, आणि काय पाहतात? लिव्हरपूल ते मँचेस्टर हा लोहमार्ग १८३० सालीं सुरू झाला. त्याचें मँचेस्टरकडील मूळ स्टेशन अजून उभें असून तेथें आतां विज्ञान व उद्योग यांचें संग्रहालय आहे. शहराबाहेर स्टायल गांवीं १७८४ सालीं निघालेली क्वारी बँक नांवाची सूतगिरणी जतन केलेली आहे. त्या गिरणींत राबणारीं गरीब, अनाथ मुलें जेथें राहत, तें घरहि शेजारींच दाखवितात. तें झांकून ठेवलेलें नाहीं. कापसाच्या जुन्या बाजारपेठेंतील व्यवहार १९६८ सालीं थांबला, आणि १९७६ पासून त्या भव्य दालनांत नाट्यगृह आहे. पण शेवटच्या दिवसाचे भाव मात्र तेथील उंच फळ्यावर तसेच ठेवले आहेत. नाटक पाहावयास आलेल्या मनुष्यानें मान वर केली, कीं त्या शहराचा सगळा व्यापार कोठें येऊन थांबला तें त्याला दिसतें.

या दोन शहरांचें नातें केवळ टोपणनांवापुरतें नव्हतें. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें, तिकडचा कापूस विलायतेस येईनासा झाला, आणि लँकेशायरांतील हजारो मजुरांच्या घरीं चुली थंडावल्या. त्याच चार वर्षांत आपल्याकडील कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईच्या शेठसावकारांनीं त्या पैशावर बँका आणि समुद्र भरून काढण्याच्या कंपन्या काढल्या. युद्ध संपतांच १८६५ सालीं त्या धडाधड कोसळल्या. कावसजी नानाभाई दावर यांची मुंबईतील पहिली कापडगिरणी मात्र या तेजीच्या आधींचीच. ती ताडदेवास १८५६ सालीं सुरू झाली होती. पुढें गिरण्यांची रांग भायखळा, परळ, वरळी अशी वाढत गेली आणि तिच्याभोंवतीं गिरणगांव वसलें.

आतां प्रत्यक्ष सहलीकडे वळूं. एप्रिल २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत उपनगरी गाड्या येऊं लागल्या, तेव्हांपासून हा प्रवास एका दिवसांत सुखानें होतो. सकाळच्या गाडीनें निघून दादरास उतरावें व धिम्या गाडीनें लोअर परळास यावें. या भागांत खिडकींतून पूर्वीं धुराड्यांचें रान दिसे. आतां कांचेचे मनोरे दिसतात. स्टेशनाच्या पश्चिमेस फिनिक्स मिल आहे. १९०५ सालीं स्थापन झालेल्या या गिरणीच्या जागीं आज मोठा बाजार आणि उपाहारगृहें आहेत, आणि चौकांत जुनें धुराडें राखलेलें आहे. राखलें हें बरेंच झालें. परंतु त्याच्या सावलींत आइस्क्रीम खाणाऱ्या मुलास तें कशाचें, हें सांगणारें वडील माणूस सोबत असावें लागतें.

तें सांगतांना थोडा कायदाहि सांगावा. १९९१ सालच्या नियमाप्रमाणें गिरणीची जमीन विकसित करतांना तिचे साधारणतः तीन वांटे व्हावयाचे होते : एक शहरास मोकळी जागा म्हणून, एक सार्वजनिक घरबांधणीस, आणि एक मालकास. २००१ सालीं त्यांत बदल होऊन वांटणी फक्त मुळांतच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. गिरण्यांच्या आवारांत मोकळी जमीन ती किती असणार? २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंहि तो बदल कायम ठेवला. एवढ्या दाटीच्या शहरांत एक विस्तीर्ण उद्यान होऊं शकलें असतें, तें झालें नाहीं, हें आमच्या मतें फार मोठें नुकसान आहे.

स्टेशनाच्या पूर्वेकडील रस्ता ना. म. जोशी मार्ग, पूर्वींचा डिलाईल रोड. नामदार गोखल्यांचें नांव आपल्या घरोघरीं आदरानें घेतात. त्यांच्याच भारत सेवक समाजाचे हे नारायण मल्हार जोशी. १९११ सालीं त्यांनीं सोशल सर्व्हिस लीग काढून कामगारवस्तींत रात्रीच्या शाळा आणि वाचनालयें चालविलीं. १९२० सालीं अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेंत त्यांचा मोठा वांटा होता. त्यांच्याहि आधींचे नारायण मेघाजी लोखंडे, महात्मा फुल्यांचे सहकारी, आपल्या घरांतून फारसे ठाऊक नसतात. १८८४ पासून त्यांनीं गिरणीकामगारांची संघटना उभारली, आणि तिच्या खटपटीनें १८९० सालीं मजुरांस रविवारची सुट्टी मिळाली. सहल बहुधा रविवारींच निघेल, तेव्हां ही गोष्ट मुलांस अवश्य सांगावी.

याच रस्त्यास बी. डी. डी. चाळी लागतात. मुंबईच्या विकास खात्यानें १९२० नंतरच्या दशकांत त्या बांधल्या. खोली १६० चौरस फुटांची. तींत कोंकणांतून, घाटावरून आलेले कितीतरी गडी पाळीपाळीनें निजत आणि जवळच्या बाईच्या खानावळींत जेवत. जुन्या चाळी पाडून तेथें उंच इमारती उभारण्याचें काम चाललें आहे. यास्तव जें पाहावयाचें तें लवकर पाहावें. मात्र हें संग्रहालय नव्हे, लोकांचीं घरें आहेत. दारांतून डोकावूं नये, विचारल्यावांचून छायाचित्र घेऊं नये, आणि 'कसे बाई राहतात!' असे उद्गार काढूं नयेत. आपल्या वाड्यांत तीन पिढ्या दाटीवाटीनें नांदल्या, त्याचें आपण कौतुक सांगतों, हें आठवावें.

१८ जानेवारी १९८२ रोजीं दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालीं येथील सुमारें अडीच लाख कामगार संपावर गेले. बहुतेक गिरण्या त्यानंतर पूर्वींसारख्या चालल्याच नाहींत. त्या वेळीं पंचविशींत असलेला तरुण आज सत्तरीच्या घरांत आहे. रस्त्याकडेच्या बांकावर असे वृद्ध गृहस्थ भेटतात. मुलांनीं नम्रपणें विचारलें तर साचे कसे चालत, भोंगा कोणत्या वेळीं होई, बदलीवाला म्हणून दाराशीं कसें ताटकळावें लागे, हें ते सांगतील. कोणास बोलावयाचें नसेल, तर आग्रह धरूं नये. ज्याच्या घरचें उत्पन्न एकाएकीं बंद पडलें, त्यास तो काळ आठवणें नेहमींच सोसतें असें नाहीं. आमच्या दृष्टीनें या सहलींतील हाच भाग सर्वांत महत्त्वाचा, आणि दहा-पंधरा वर्षांनीं तो पाहावयास मिळणार नाहीं.

करी रोडचा पूल ओलांडून लालबागेस यावें. लालबागचा राजा १९३४ पासून बसतो. बाजारासाठीं कायमची जागा मिळावी म्हणून येथील कोळी व विक्रेते यांनीं केलेल्या नवसाची ती गोष्ट आहे. गृहिणींना मात्र येथील मसाल्याच्या गल्लीचेंच अधिक अगत्य वाटेल. मिरची, धने, खडा मसाला समोर निवडून घ्यावा, भाजून घ्यावा आणि डंकावर कुटून घ्यावा. चैत्र-वैशाखांत गर्दी फार. शिंका आवरत नाहींत, यासाठीं तान्हीं मुलें दूर ठेवावीं.

तेथून भायखळ्यास डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयांत शेवटीं जावें. १८७२ सालीं उघडलेलें हें मुंबईतील सर्वांत जुनें संग्रहालय. जुन्या मुंबईतील निरनिराळ्या जातींचीं व व्यवसायांचीं मातीचीं चित्रें पाहण्यांत मुलें रमतात, आणि बाहेर आवारांत घारापुरीचा दगडी हत्ती आहे. जाण्यापूर्वीं तें उघडें आहे कीं नाहीं याची चौकशी करावी. बुधवारीं तें बंद असतें. जेवणाचा डबा बरोबर असल्यास राणीच्या बागेंत सोडावा. डहाणूकडील परतीची गाडी दादरास पकडतांना संध्याकाळच्या गर्दीची वेळ टाळावी, आणि मसाल्याची पिशवी वरच्या फळीवर न ठेवतां मांडीवरच घ्यावी.