परवानगीच्या उंबरठ्यावर अडलेला न्याय

निर्वासित म्हणून संरक्षण मागणाऱ्याचा अर्ज खालच्या पातळीवर नामंजूर झाला, तरी देशाचे सर्वोच्च न्यायालय त्याला मोकळे आहे, असे आश्वासन उदारमतवादी राष्ट्रे अभिमानाने देत असतात. या आश्वासनातील मेख मात्र फारशी कोणी पाहत नाही. अखेरच्या न्यायालयात अपील करण्याचा हक्क अशा अर्जदाराला सहसा नसतो; अपील करू देण्याची परवानगी मागण्याचा तेवढा हक्क असतो. या दोहोंतील अंतर किती मोठे आहे, हे कॅनडाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. त्या उदाहरणात भारतीय माणसे गुंतलेली असल्याने ते आपल्याला परके मानण्याचेही कारण नाही.

कॅनडात १९७६ च्या इमिग्रेशन कायद्याखाली आश्रय मागणाऱ्याची जबानी एक ज्येष्ठ अधिकारी शपथेवर घेत असे. जबानीचा उतारा सल्लागार समितीकडे जाई, समिती मंत्र्याला सल्ला देई आणि मंत्री निर्णय करी. नकार मिळाल्यास इमिग्रेशन अपील मंडळाकडे फेरविचार मागता येत असे. परंतु कागदपत्रे पाहून दावा सिद्ध होण्याजोगा आहे असे मंडळाला वाटले, तरच तोंडी सुनावणी होई. सरकारने आपल्याविरुद्ध कोणती माहिती जमेस धरली, हे अर्जदाराला पुरते कळतही नसे. म्हणजे ज्या सुनावणीत आपले म्हणणे पटवायचे, ती सुनावणी मिळण्यासाठीच ते आधी पटवून द्यावे लागे!

या पद्धतीला सात जणांनी आव्हान दिले. त्यांतील बहुतेक भारतीय नागरिक असलेले शीख होते. फेडरल अपील न्यायालयाने त्यांना दाद दिली नाही. सर्वोच्च न्यायालयाने मात्र अपिलाची परवानगी दिली आणि ४ एप्रिल १९८५ रोजी ‘सिंग’ खटल्याचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. निकालात सहभागी झालेल्या सहा न्यायमूर्तींपैकी तिघांनी १९८२ च्या हक्कांच्या सनदेचा आधार घेतला, तर तिघांनी १९६० च्या हक्कविधेयकाचा. न्यायमूर्ती बर्था विल्सन यांचा युक्तिवाद विशेष मोलाचा होता. सनदेतील ‘प्रत्येक व्यक्ती’ या शब्दांत कॅनडाच्या भूमीवर असलेला परदेशी माणूसही येतो. जेथे माणसाच्या विश्वसनीयतेचा प्रश्न आहे तेथे त्याला समोर बसवून ऐकले पाहिजे. आणि प्रशासनाची सोय हे मूलभूत हक्क डावलण्याचे समर्थन होऊ शकत नाही, असे त्यांनी बजावले. या निकालानंतर जुनी व्यवस्था मोडीत निघाली व १९८९ मध्ये इमिग्रेशन आणि निर्वासित मंडळ अस्तित्वात आले.

एवढे मोठे परिवर्तन परवानगीच्या एका अर्जावर अवलंबून होते. तो अर्ज फेटाळला गेला असता तर? तेथील सर्वोच्च न्यायालयात असे अर्ज सामान्यतः तीन न्यायमूर्तींपुढे जातात, बहुधा कागदांवरूनच निकालात निघतात आणि नकाराची कारणे सहसा दिली जात नाहीत. कसोटी असते ती ‘सार्वजनिक महत्त्वा’ची. अर्जदारावर अन्याय झाला एवढे सांगून भागत नाही; त्या अन्यायातून साऱ्या देशाला लागू पडणारा कायद्याचा प्रश्न निघतो, हेही दाखवावे लागते.

तेथवर पोचणेही सोपे नाही. निर्वासित अपील विभाग २०१२ पासून काम करू लागला, ही सुधारणा खरीच. पण त्याने नकार दिल्यावर फेडरल न्यायालयात जाण्यासाठीही परवानगी लागते. तिचा अर्ज एरवी पंधरा दिवसांत करावा लागतो आणि ती नाकारल्यास त्यावर अपील नाही. परवानगी मिळून दावा हरला, तरी सार्वत्रिक महत्त्वाचा गंभीर प्रश्न उपस्थित झाल्याचे त्याच न्यायाधीशाने प्रमाणित केल्याखेरीज वरची पायरी सामान्यतः चढता येत नाही.

या चाळण्यांच्या समर्थनार्थ सांगितले जाणारे कारण अर्थशास्त्राचे आहे. न्यायालयाचा वेळ दुर्मिळ आहे आणि प्रत्येक दावा वरपर्यंत नेल्यास खरे गरजूच वर्षानुवर्षे ताटकळतील. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अखेरच्या न्यायालयाने सर्वच दावे ऐकावेत, असे कोणी म्हणणार नाही. परंतु खर्चाचा हिशेब मांडायचा तर तो पुरता मांडला पाहिजे. चुकीची परवानगी दिली गेली तर न्यायालयाचे काही दिवस वाया जातात. चुकीचा नकार दिला गेला तर एक माणूस तुरुंगाच्या, छळाच्या किंवा मृत्यूच्या दारात परत धाडला जातो. पहिला तोटा समाजात वाटला जातो, दुसरा एकट्याने सोसायचा असतो. शिवाय पंधरा दिवसांत वकील गाठून अर्ज उभा करणे पैसा, भाषा व ओळख असलेल्यालाच जमते. तेव्हा चाळणी दाव्याच्या गुणांची होते की अर्जदाराच्या ऐपतीची, हा प्रश्न विचारावाच लागेल.

भारताला या बाबतीत इतरांना उपदेश करण्याचा अधिकार नाही. १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर भारताने सही केलेली नाही. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याची जागा २०२५ मध्ये नव्या कायद्याने घेतली, पण आश्रयाच्या दाव्याची रीतसर सुनावणी त्याही कायद्याने निर्माण केली नाही. चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घटनेच्या २१ व्या कलमाचे संरक्षण परकीयांनाही आहे असे ठामपणे सांगितले, हे खरे. पण जेथे पहिला निर्णयच कायद्याने बांधलेला नाही, तेथे शेवटच्या अपिलाची गोष्ट कशाला? १३६ व्या कलमाखालील विशेष परवानगीही न्यायालयाच्या मर्जीचाच भाग आहे.

परवानगीची अट राहणारच असेल, तर तिला तीन बंधने हवीत. नकार थोडक्यात का होईना, सकारण असावा. अर्ज करण्यासाठी सरकारी खर्चाने वकील मिळावा. आणि अर्जाचा निकाल लागेपर्यंत कोणालाही देशाबाहेर काढू नये. मुक्कामाला पोचलेल्या माणसाच्या हाती विजयाचा कागद पडण्यात अर्थ आहे. विमानात बसवून परत पाठवलेल्याच्या मागे पाठवलेल्या न्यायात तो नाही.